चारिंदाला नऊ-दहा

घरातून निघताना ते बसले नाहीत, आणि तायसियाच्या मनात पाल चुकचुकली ती त्यावरून.

आमच्याकडे लांबच्या प्रवासाला निघायचं तर घरातली सगळी माणसं मिनिटभर गप्प बसतात. कुणी खुर्चीवर, कुणी पेटीवर, जागा नसेल तर भिंतीला टेकून जमिनीवर. कुणी ब्र काढत नाही. मग घरातलं वडीलधारं माणूस 'चला' म्हणतं आणि सगळे उठतात. का बसायचं ते कुणी विचारत नाही, पण न बसता कुणी निघतही नाही. त्या दिवशी मात्र खुर्च्या शेजाऱ्यांकडे देऊन झाल्या होत्या, खाली मोटारवाला भोंग्यावर भोंगे देत होता, आणि येफिमला नेमकी तेव्हाच खोकल्याची उबळ आली. नवऱ्याला धरून तायसियाने तीन जिने उतरवले, बोचकी चढवली, मोटार तिंदाच्या स्टेशनाकडे वळली आणि मग तिला आठवलं. आता मागे फिरणं त्याहून वाईट.

चाळीस वर्षं काढलेलं गाव असं सुटलं. येफिमची फुप्फुसं आणखी एक हिवाळा सोसणार नाहीत, असं डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं. मुलगी इन्ना दूर मॉस्कोपलीकडे वारोनेझला असते, तिथे थंडी आहे पण माणसाला सोसेल एवढीच. तिने एक खोली रिकामी करून ठेवली होती. परतीचं तिकीट काढलेलं नव्हतं, आणि दोघांपैकी कुणी त्याचा विषयही काढला नव्हता.

तायसिया प्रोखोरोव्ना अडुसष्ट वर्षांची. त्यातली एकतीस वर्षं ती याच गाडीच्या डब्यात अटेंडंट होती. तिंदा ते मॉस्को साडेपाच दिवस जायला, साडेपाच यायला. बंबात कोळसा घालायचा, चादरी वाटायच्या, चढणाऱ्यांची तिकिटं बघायची, दारूड्यांना झोपवायचं, रडणाऱ्या बायकांना चहा द्यायचा, आणि मोठ्या स्टेशनांवर पहार घेऊन डब्याखाली लोंबणारं बर्फ फोडायचं. आज ती आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढून या गाडीत बसली होती, आणि तिला ते मुळीच जमत नव्हतं.

"मावशी, बसा हो जरा," डब्याची अटेंडंट नेल्या म्हणाली. पंचेचाळिशीची, ठसठशीत, तोंडाने फटकळ बाई. तायसिया मधल्या वाटेतला पितळी कठडा आपल्या पदरच्या फडक्याने पुसत होती. "माझी नोकरी घालवता का?"

"धूळ होती."

"आहेच धूळ. माझी आहे ती. राहू द्या."

येफिम खालच्या बाकावर उशीला टेकून बसला होता. तो हसला आणि त्या हसण्याचाही त्याला खोकला आला. "हिला तिकीट दिलं हीच चूक झाली बघ," तो नेल्याला म्हणाला. "झाडू द्यायचा होता."

असा पहिला दिवस गेला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणजे जे चाळीस वर्षं होतं तेच होतं. बर्फात उभी खुरटी झाडं, गोठलेली नदी, पूल, पुन्हा झाडं. डब्यात भिजलेल्या लोकरीचा आणि उकडलेल्या अंड्यांचा वास. दोघांनी घरून आणलेली भाजलेली कोंबडी खाल्ली, काकडीचं लोणचं खाल्लं. तायसियाचं अंग दुखत होतं. गेले तीन आठवडे तिने एकटीने घर आवरलं होतं, काय ठेवायचं नि काय टाकायचं ते एकटीने ठरवलं होतं. आता झोपावं, आणि वारोनेझला कुणी हलवून उठवावं, एवढंच तिला वाटत होतं.

पण मध्ये चारिंदा होतं.

चारिंदाला गाडी वीस मिनिटं थांबते. तिथून साठ किलोमीटर आत जंगलात लाकूडतोडीचा तळ आहे आणि त्या तळावर त्यांचा मुलगा ग्लेब ट्रक चालवतो. अडतीस वर्षांचा आहे. बाप आणि मुलगा नऊ वर्षांत एकमेकांशी बोललेले नाहीत. येफिम जन्मभर मालगाडीचं इंजिन चालवत आला. शब्द टाकून, साहेबांच्या पाया पडून त्याने ग्लेबला इंजिनावर मदतनीस म्हणून चिकटवलं, आणि ग्लेब दोन महिन्यांत सोडून आला. 'मला तुमच्या घड्याळावर जगायचं नाही,' म्हणाला. 'मग मला तोंड दाखवू नकोस,' येफिम म्हणाला. दोघंही हट्टाचे पक्के. शब्द पाळायची हौस नको तिथे असते माणसांना. सणासुदीला तायसिया तळाच्या ऑफिसात फोन करायची, 'बाबा बरे आहेत' म्हणायची, तो 'बरं' म्हणायचा, आणि इकडे येऊन ती येफिमला काही सांगायची नाही, तो काही विचारायचा नाही.

या खेपेला मात्र तिने चार दिवस आधी फोन करून सांगितलं होतं. "आम्ही कायमचे चाललोय. बाबांना जास्त आहे. त्यांना थंडीत खाली उतरता यायचं नाही, तूच डब्यात ये. गुरुवारी. चारिंदाला नऊ-दहाला येते गाडी, नऊ वाजून दहा मिनिटांनी."

"सकाळी?" ग्लेबने विचारलं.

"सकाळीच. वीस मिनिटं थांबते."

"बरं," तो म्हणाला. येतो म्हणाला नाही, येत नाही म्हणाला नाही.

गुरुवारी सकाळी ती उठली तेव्हा डबा घोरत होता. मनगटावरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. तायसियाचं घड्याळ मॉस्कोच्या वेळेवर चालतं. तिचंच नव्हे, रेल्वेत हाडं झिजवलेल्या आमच्या सगळ्या पिढीचं. कुठल्याही स्टेशनात जा, सूर्य डोक्यावर असो नाहीतर बुडालेला असो, भिंतीवर मॉस्कोचे वाजलेले असायचे, तिकिटावर मॉस्कोचे, वेळापत्रकात मॉस्कोचे. तिंदा मॉस्कोच्या सहा तास पुढे, चारिंदा पाच तास पुढे, पण ते हिशेब गावातल्या लोकांनी करायचे. तायसियाच्या स्वयंपाकघरातही एकच घड्याळ होतं आणि तेही मॉस्कोचं. त्या घड्याळात सकाळचे सात वाजले की दुपारचं जेवण व्हायचं त्यांच्याकडे. नवराबायकोने मिळून मॉस्कोच्या वेळेवर संसार केला आणि मॉस्को म्हणाल तर यार्डापलीकडे कधी पाहिलं नाही.

ती निवृत्त झाल्यावर तीन वर्षांनी रेल्वेने हे सगळं बदललं. आता ज्या गावची गाडी त्या गावची वेळ. तायसियाने ते ऐकलं होतं, त्यावर नाकही मुरडलं होतं. पण तिला या गाडीचं वेळापत्रक बघायची गरज कधी पडली? झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने तिंदापासून मॉस्कोपर्यंत एकूण एक थांबा म्हणून दाखवला असता.

पेला घेऊन ती बंबाकडे गेली. बंबाशेजारी काचेखाली छापील कागद लावला होता. गरम पाणी पेल्यात पडेपर्यंत, उगीच डोळ्यांना चाळा म्हणून, तिने तो वाचला. चारिंदा, चौदा-दहा.

पहिल्यांदा ती चिडली. पाच तास पुढे ढकलली गाडी, कुणाची अक्कल ही? मग तिची नजर कागदाच्या तळाशी गेली. 'सर्व वेळा स्थानिक.' पाणी पेल्यावरून वाहून तिच्या बोटांवर आलं तेव्हा तिने नळ बंद केला.

चौदा-दहा म्हणजे दुपारचे दोन-दहा. तेच तिचे नऊ-दहा. गाडी एक मिनिट हललेली नव्हती. तिनेच मुलाला मॉस्कोची वेळ सांगितली होती. आणि तो 'सकाळी?' म्हणून विचारत असताना 'सकाळीच' म्हणून वर शिक्काही मारला होता.

आणि हे तिने पहिल्यांदा केलं नव्हतं.

ग्लेब नऊ वर्षांचा असताना एक हिवाळा येफिमच्या आईकडे राहिला होता. आजीचं गाव याच लायनीवर, गाडी तिथे दोन मिनिटं थांबायची. तायसियाने कार्ड टाकलं, मंगळवारी आठला स्टेशनावर ये, दारातून तुला संत्री देईन. पोरगं सकाळी आठला जाऊन उभं राहिलं. आजी गोठ्यावर कामाला गेलेली. गाडी आली दुपारी एकला. तायसियाने त्याला दारातूनच खाली वाकून कवटाळलं, संत्र्यांची पिशवी दिली, 'शहाणा माझा' म्हणाली आणि हिरवा झेंडा धरून निघून गेली. टोपीखाली डाव्या कानाचं काय झालं होतं ते तिला कळलं बारा दिवसांनी, परतीच्या फेरीत. थंडीने जळालेला त्या कानाचा वरचा काठ आज नाही. ग्लेबने त्यावरून तिला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. बोल लावला असता तर बरं झालं असतं, असं तिला पुष्कळदा वाटायचं.

"नेल्या," ती अटेंडंटच्या खोलीच्या दारात जाऊन म्हणाली, "पुढच्या थांब्यावर फोन लागतो का गं?"

"लागला तर नशीब. का हो, चेहरा का असा?"

तायसियाने सांगितलं. नेल्याने चहाचा पेला खाली ठेवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"किती वर्षं होतात लायनीवर?"

"एकतीस. याच गाडीला."

"तरीच. मला वाटलंच, कठडा असा पुसतं कोण. माझ्या आईचं घड्याळ अजून मॉस्कोचंच आहे, तिला तर मला फोनसुद्धा कधी करायचा कळत नाही." नेल्या उठली. "गाडीच्या प्रमुखाकडे रेडिओ असतो, बघते विचारून."

ती पाच मिनिटांत परत आली ती लाल होऊन. "म्हणाला, गाडी म्हणजे टपालखातं नव्हे."

पुढचा थांबा दोन मिनिटांचा होता. दारात, पायरीवर उभं राहून तायसियाने ग्लेबचा मोबाइल लावला. लागला नाही. तळाच्या ऑफिसात लावला, तो लागला. कारकुनाचा घोगरा आवाज आला.

"ग्लेब? तो गेला की. पहाटे पाचला निघाला ट्रक घेऊन. आईबापांना भेटायला जातो म्हणाला, सुट्टी टाकलीय त्याने."

"तुमच्याकडे आता किती वाजले?"

"नऊला दहा कमी. का?"

"आणि थंडी किती?"

"उणे एक्केचाळीस. बाई, तुम्ही कोण?"

गाडीने झटका दिला आणि फोन तुटला. यानंतर चारिंदापर्यंत नुसतं जंगल.

ती येऊन बाकावर बसली. खिडकीला आतूनही बर्फ धरलं होतं. चमच्याने तिने त्यात डोळ्याएवढं भोक खरवडलं आणि बाहेर बघत राहिली. वीस मिनिटांनी तिकडे नऊ-दहा झाले असणार. तो फलाटावर असणार. रूळ मोकळे असणार. अर्धा तास थांबेल, तासभर थांबेल. मग काय वाटेल त्याला? चार दिवसांपूर्वी फोन केला तोही खोटाच, बापाने शेवटच्या घडीला मोडता घातला. ट्रक वळवून जाईल तो. आणि हे माणूस, हे समोर उशीला टेकून शीळ घातल्यासारखा श्वास घेणारं माणूस, पुन्हा या वाटेने येणार नाही.

तिला रडू येत नव्हतं. रडायलाही अंगात काही शिल्लक लागतं.

"काय गं?" येफिम म्हणाला.

"काही नाही."

"पेला रिकामाच घेऊन आलीस."

तिने पेल्याकडे बघितलं. खरंच रिकामा होता. भरलेला पेला तिने नेल्याच्या खोलीत ठेवला होता.

"ताया," येफिम म्हणाला. तो बोलायच्या आधी श्वास साठवायचा आणि मग एका दमात बोलायचा. "तू त्याला आपलीच वेळ सांगितलीस. हो ना?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "तुला कसं कळलं?"

"तू फोनवर बोलत होतीस तेव्हाच कळलं. मी शेजारच्या खोलीत बूट बांधत होतो. म्हटलं, ही नऊ-दहा कुठून काढते. तिकीट काढायला मी गेलो होतो, तिथे फलकावर चौदा-दहा लिहिलेलं मी वाचलं होतं."

"आणि तोंड शिवून बसलास? चार दिवस?"

"बसलो."

"अरे, का?"

समोरच्या बाकावरचा माणूस उठून मोजे शोधत होता, तो जाईपर्यंत येफिम थांबला.

"आला नसता तर," येफिम म्हणाला, "घड्याळावर ढकलता आलं असतं. बरोबर वेळ सांगून आला नसता, मग काय म्हणायचं होतं आपण?"

तायसियाला संताप यायला हवा होता. आलाही, पण त्याला बळ नव्हतं, तो आला तसा विरला. पंचेचाळीस वर्षांत हा माणूस कशाला घाबरला असं तिने पाहिलं नव्हतं. पूल गोठून तडकलेला असताना त्यावरून साठ डब्यांची मालगाडी घेऊन गेलेला माणूस. आणि मुलगा येणार नाही या भीतीने चार दिवस गप्प राहिला. तिने त्याच्या मांडीवरची चादर उगीच सारखी केली.

"तो निघालाय," ती म्हणाली. "पहाटे पाचलाच निघालाय. सुट्टी काढून."

थोड्या वेळाने येफिमने उशीखालून कंगवा काढला आणि उरलेसुरले केस विंचरले. मग म्हणाला, "तो चौकड्यांचा सदरा कुठल्या बोचक्यात आहे?"

दुपार काही केल्या होईना. एके ठिकाणी गाडी बाजूच्या रुळावर घेतली आणि उभी केली. एकेरी लाइन आहे ती, समोरून मालगाडी आली की प्रवाशांनी थांबायचं. कोळशाची मालगाडी आली, गेली, संपता संपेना. तायसिया डबे मोजत होती. एकाहत्तर. मग तिने मनातल्या मनात दुसरी मोजणी केली. आपण तेरा मिनिटं मागे पडलो. उशिराची भरपाई कुठे करतात हे तिला कुणी सांगायला नको होतं. लांब थांबे कापून करतात. चारिंदाची वीस मिनिटं आता सात झाली.

सात मिनिटं, तीही तो थांबला असला तर.

दोन-दहाला तिने येफिमला सदरा घातला. दोन-पंधराला ती दाराशी जाऊन नेल्याच्या मागे उभी राहिली. दोन-तेवीसला गाडी चारिंदाला लागली. नेल्याने दार उघडलं, पायरी खाली टाकली, आणि थंडी अशी आत आली की डब्यातली दोन माणसं एकदम शिव्या द्यायला लागली.

फलाटावर कुणी नव्हतं.

त्यांचा डबा शेवटून दुसरा, स्टेशनाच्या इमारतीपासून पार लांब थांबलेला. तायसिया तशीच खाली उतरली, पायांत डब्यातल्या सपाता, अंगावर शाल. नेल्या ओरडली तिकडे तिने लक्ष दिलं नाही. धुक्यात दिवा दिसत होता, इमारत दिसत होती, दोन बायका माशांची टोपली घेऊन पुढच्या डब्यांपाशी उभ्या दिसत होत्या. एक मिनिट गेलं. तिच्या पापण्या एकमेकींना चिकटायला लागल्या. दुसरं मिनिट निम्मं झालं. गेला, ती मनाशी म्हणाली. का नाही जाणार.

मग कुंपणापलीकडे ट्रकचं दार आपटल्याचा आवाज आला, आणि एक माणूस फलाटावरून पळत यायला लागला. जड बूट, जड कोट, त्यामुळे पळणं कमी आणि धापा जास्त. दाढीवर पांढरं बर्फ. तिने त्याला चालीवरून ओळखलं. येफिम असाच पळायचा, खांदा पुढे काढून.

"सपाता घालून उभी आहेस," ग्लेब जवळ येऊन म्हणाला. नऊ वर्षांनी समोरासमोर पहिलं वाक्य ते.

"चल वर. चल आधी."

"थांबा," नेल्या दारात आडवी झाली. "गाडीचा थांबा कमी केलाय. बिनतिकिटाचं माणूस वर घेता येत नाही मला." मग तिने तायसियाच्या पायांकडे बघितलं. "चार मिनिटं. पाचव्याला मी दार लावणार, हा आत असो नाहीतर बाहेर."

येफिम बाकावर ताठ बसला होता. उशी त्याने बाजूला सारली होती. ग्लेब समोर येऊन उभा राहिला आणि त्याने टोपी काढली.

"आलास," येफिम म्हणाला.

"आलो."

"दाढी वाढवलीस."

"गाल गोठतात."

"ट्रक कुठला?"

"जुनाच आहे. सहा चाकी."

"डिझेल गोठत नाही?"

"गोठतं. टाकीखाली जाळ करतो."

"मूर्खपणा आहे तो. एखाद्या दिवशी..." पुढचं खोकल्यात गेलं. ग्लेब वाकला, पण हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना, म्हणून त्याने कोटातून भाजलेल्या चिलगोज्यांची पिशवी काढून बाकावर ठेवली. खोकला थांबल्यावर येफिमची नजर त्याच्या डाव्या कानावर गेली आणि तिथेच राहिली.

"कधी आलास तू?" तायसियाने विचारलं. विचारायचं नव्हतं तिला, पण राहवेना.

"नऊला."

"पाच तास!"

"ट्रकमध्ये बसलो. इंजिन चालू ठेवलं."

"अरे, तुला तर ठाऊक आहे. तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार, मी कुठली वेळ सांगते ते. दोनलाच यायचंस."

"ठाऊक होतं," ग्लेब म्हणाला. "म्हटलं, या खेपेला तरी आमच्या वेळेने बोलली असशील."

तो ते रागाने म्हणाला नाही. ट्रकचं सांगितलं त्याच आवाजात म्हणाला. तायसियाला मात्र ते आत कुठेतरी खोल लागलं. तीस वर्षांपूर्वीचं पोरगं तिच्यासमोर उभं होतं आणि अजून आठपासून एकपर्यंत आईवर भरवसा ठेवून होतं.

"दोन मिनिटं," दारातून नेल्या म्हणाली.

"बसा," येफिम म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडे बघितलं.

"बसा दोघंही. घरून निघताना बसलो नव्हतो."

तायसिया त्याच्या शेजारी बसली. ग्लेब समोरच्या बाकाच्या कडेला बसला, टोपी गुडघ्यावर ठेवून. समोरचा प्रवासी काही विचारणार होता, तो या तिघांकडे बघून आपणही गप्प राहिला. बाहेर कुणीतरी पहारीने बर्फ फोडत होतं. ग्लेबच्या दाढीतलं बर्फ वितळून थेंब थेंब त्याच्या कोटावर पडत होतं. हातात दोन मिनिटं उरलेली, आणि त्यातलं एक ते असं घालवत होते, आणि तायसियाला त्याची जराही हळहळ वाटली नाही. नेल्या आत आली, तोंड उघडलं, आणि न बोलता उभी राहिली.

"चला," येफिम म्हणाला.

ग्लेब उठला. येफिमने हात पुढे केला, टोपीसाठी. ग्लेबने ती दिली. बापाने ती त्याच्या डोक्यावर घातली, कानपट्ट्या खाली ओढल्या आणि हनुवटीखाली त्यांची गाठ मारायला लागला. गाठ बसेना. अडतीस वर्षांचा माणूस वाकून उभा राहिला, ती बसेपर्यंत.

तायसिया त्याच्यामागे दारापर्यंत गेली. तो उतरला तशी नेल्याने पायरी उचलली. गाडी हलली. ग्लेब दाराबरोबर चालत होता.

"रविवारी ऑफिसात फोन करते," तायसिया वाकून म्हणाली. "सहाला ये तिथे."

"कुणाच्या सहाला?"

"तुझ्या," ती म्हणाली.

नेल्याने दार लावलं. तायसिया बाकाशी परत आली तेव्हा येफिम उशीला टेकून डोळे मिटून पडला होता, मुठीत चिलगोजे होते.

"जाताना काय म्हणाला?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

"वेळ विचारली," तायसिया म्हणाली, आणि त्याच्या पायांवर चादर ओढली.